वरचा इनटेक मॅनिफोल्ड निघेना, मदत हवी आहे

मंडळी, व्ही-६ (सहा सिलिंडरची) पेट्रोल गाडी, मागच्या बाजूचे ३ स्पार्क प्लग बदलायचेत, त्यासाठी हा मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा प्लास्टिकचा भाग) काढतोय. इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. व्हॅक्यूमचे पाइप नंबर टाकून सोडवले, थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं (जालन्याची धूळ!). बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल केले. फक्त फायरवॉलकडचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडचा) एक अडलाय. बारा कोनी गोटीने (सॉकेटने) त्याच्या १० मिमी डोक्याचे कोपरे झिजलेत. गंजाचा स्प्रे रात्रभर मुरलाय. आता सहा कोनी गोटी ठोकून बसवू, की बोल्ट एक्स्ट्रॅक्टरच (झिजलेलं डोकं पकडून फिरवणारं हत्यार) लावू? प्लास्टिकला आच द्यायची नाही. पेचकस घालून उचकटणारही नाही. गॅस्केटची (जोडातल्या सीलची) जागा खरवडली की तिथून हवा ओढते आणि आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग) डुलतं. आणि नवी गॅस्केट जालना-संभाजीनगरात कुठे मिळेल?