कॉलेजच्या मेलचा स्पॅम फिल्टर किती चांगला आहे, हे मोजायचं कसं?

गंगापूररोडवाला
नमस्कार मंडळी. नाशकातल्या एका कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळतो, मेल पोचवायला पोस्टफिक्स आणि त्यावर स्पॅम ओळखायला स्पॅमअसॅसिन, ते प्रत्येक मेलला स्कोअर देतं, कट-ऑफ डिफॉल्ट म्हणजे ५, तेवढा किंवा जास्त स्कोअर झाला की मेल अडकतो. आता नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाइल चाललीय आणि प्राचार्यांनी सांगितलंय की फिल्टर किती टक्के काम करतो ते एका ओळीत लिहून द्या. माझ्या रिपोर्टमध्ये ९९ टक्के बरोबर असं येतंय पण ते लिहायला हात धजत नाहीये. मागच्या महिन्यात आमच्या एका पीएचडीच्या मुलीच्या बाहेरच्या परीक्षकांचा मेल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे फिल्टरने अडवलेले मेल बाजूला ठेवतात तिथे, अकरा दिवस पडून होता. ती रोज ऑफिसात येऊन विचारायची आणि आम्ही सांगायचो, काही आलं नाही अजून. शेवटी मी हेडर उघडून बघितलं तर स्कोअर ५.३. विषय सगळा कॅपिटल अक्षरांत, मजकूर नुसता एचटीएमएल, आणि वरून बायेसने (स्पॅमअसॅसिनचा जुन्या मेलमधले शब्द बघून शिकणारा भाग) पॉइंट चढवलेले, तेवढ्या ०.३ साठी मेल अडकला. हा मेल त्या ९९ मध्ये कुठे दिसतो? मोजायची नीट पद्धत कोणी सांगेल का.

मेलमास्तर_ओझर
भाऊ, तो ९९ अजिबात लिहू नका. हिशोब करून बघा, समजा महिन्याला १०,००० मेल आले, त्यात ७,००० स्पॅम आणि ३,००० खरे. ९९ टक्के बरोबर म्हणजे १०० चुका. त्या शंभरच्या शंभर चुका म्हणजे इनबॉक्समध्ये घुसलेला स्पॅम असेल तर लोक शंभर वेळा डिलीट दाबतील आणि विसरतील. पण त्या चुका खऱ्या मेलच्या असतील तर ३,००० पैकी १०० गेले, म्हणजे दर तीस खऱ्या मेलमागे एक गायब! दोन्हीकडे आकडा ९९ च, आणि स्पॅमची लाट आली की फिल्टर तोच असूनही आकडा आपोआप वर जातो कारण बहुतेक स्पॅम ओळखायला सोपाच असतो.

म्हणून दोन आकडे वेगळे ठेवायचे, खऱ्या मेलपैकी किती अडकले आणि स्पॅमपैकी किती आत आले. २००५ मध्ये ट्रेकचा (माहिती शोधण्याच्या पद्धती तपासणारी अमेरिकेतली परिषद) स्पॅम ट्रॅक, म्हणजे स्पॅम फिल्टरची चाचणी, सुरू झाला तेव्हा वॉटर्लू विद्यापीठाच्या गॉर्डन कॉरमॅक यांनी हेच धरलं होतं, ९२,१८९ मेलचा संच होता, त्यात ५२,७९० स्पॅम. आणि मेल आले त्याच क्रमाने फिल्टरला द्यायचे, पुढचे मेल आधी शिकवून मागच्यांवर परीक्षा घ्यायची नाही. तो संच तुमच्या कामाचा नाही हां, इंग्रजी आणि जुना आहे. आपल्याकडे परिपत्रक मराठीत, स्वाक्षरी इंग्रजीत आणि खाली स्कॅन केलेली पीडीएफ असा मेल येतो, त्यामुळे स्वतःच्याच मेलवर मोजायला लागेल.

संख्याशास्त्रवाल्या_मॅडम
सर, सगळं क्वारंटाइन तपासायची गरज नाही, नमुना घ्या. पण कट-ऑफच्या जवळचे, म्हणजे ५ ते ८ स्कोअरचे मेल वेगळे काढा आणि त्यातून जास्त घ्या, कारण खरे मेल अडकतात ते बहुधा तिथेच. ३० स्कोअरच्या लॉटरीच्या मेलवर वेळ घालवू नका, थोडे बघितले तरी पुरे. मग एकूण आकडा काढताना प्रत्येक गटात मुळात किती मेल होते त्या प्रमाणात वजन द्यायला विसरू नका, तिथेच लोक चुकतात.

अजून एक, एखाद्या गटातले ३०० मेल तपासले आणि एकही खरा सापडला नाही तरी "शून्य" लिहू नका. ३ भागिले ३०० म्हणजे १ टक्का, खरं प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकतं एवढंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं.

आणि कृपा करून लोकांचे मेल तुम्ही स्वतः उघडून वाचू नका. ज्याचा मेल त्यालाच यादी पाठवा, पाठवणारा आणि विषय एवढंच, खरा की स्पॅम ते तो सांगेल. विद्यार्थ्यांच्या मेलमध्ये आजारपण, फी थकलेली, घरची भांडणं असं काय काय असतं, मी क्लास टीचर आहे म्हणून सांगतेय.

पोस्टमास्तर_सिन्नर
वरचं सगळं बरोबर पण यात क्वारंटाइनपर्यंत पोचलेलेच मेल मोजले जातात. पाठवणारा सर्व्हर ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत, आहे म्हणून दारातच ५५० (मेल नाकारल्याचा कोड) देऊन परत पाठवलेले कुठे मोजणार? ते पोस्टफिक्सच्या लॉगमध्येच सापडतील, पाठवणाऱ्याचं डोमेन बघा, त्यात एखादं विद्यापीठ किंवा सरकारी खातं दिसलं तर फोन करून विचारा. मुक्त विद्यापीठ आणि आरोग्य विद्यापीठ दोन्ही आपल्या नाशकातच, अख्ख्या राज्याचा पत्रव्यवहार इकडे, त्यामुळे हे तपासाच.

दुसरं, अर्धे प्राध्यापक कॉलेजचा मेल जीमेलला फॉरवर्ड करून ठेवतात. मग मेल तुमच्या सर्व्हरच्या आयपीवरून जातो आणि मूळ पाठवणाऱ्याचा एसपीएफ (त्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवरून यायला हवा ती तपासणी) तिथे फेल होतो, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) शाबूत असेल तर वाचतो, नाहीतर मेल जीमेलच्या स्पॅममध्ये, आणि तिथला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. तुमच्या रिपोर्टला तो व्यवस्थित पोचलेला दिसतो.

गंगापूररोडवाला
मंडळी खूप आभार. प्राचार्यांना दोन आकडे देणार आणि खाली नमुना किती मेलचा होता ते पण लिहिणार. दारातून परत गेलेल्यांचं तर डोक्यातच नव्हतं, लॉग आजच काढतो. त्या मुलीची व्हायवाची तारीख मिळाली, परीक्षकांनी समजून घेतलं. एकच राहिलं, बायेसने तिच्या मेलला पॉइंट का चढवले असतील? आम्ही स्टाफने "स्पॅम" दाबलेले मेल सरळ त्याला शिकवतो.

मेलमास्तर_ओझर
तिथेच आहे भाऊ. लोक परिपत्रकांना कंटाळून पण स्पॅम दाबतात, परीक्षा विभागाचा चौथा रिमाइंडर आला की दाबलंच. मग "परीक्षक", "प्रबंध", "मानधन" हे शब्दच बायेसला स्पॅमचे वाटायला लागतात. आधी ते दाबलेले मेल ज्याचे त्याला परत दाखवून खात्री करून घ्या, जुना डेटाबेस पुसा आणि नव्याने शिकवा. २०० स्पॅम आणि २०० खरे होईपर्यंत बायेस स्कोअर देतच नाही, तेवढे दिवस बाकीच्या नियमांवर चालेल. परीक्षा विभागाचे खरे मेल मात्र त्या २०० मध्ये आठवणीने घाला.