पेठांच्या अभ्यासासाठी अनेक विषयांचा गट: एकाच वाड्याची चार नावे पडली आहेत, मार्ग काय?

नकाशेवाली
नमस्कार. पुण्यातील कसबा आणि शनिवार पेठेच्या काही भागाचा नागरी विकास, संस्कृती आणि वारसा या तिन्ही अंगांनी अभ्यास करण्यासाठी आमचा एक गट गेले आठ महिने काम करत आहे. गटात दोन वास्तुविशारद, इतिहासाच्या एक अभ्यासक, एक समाजशास्त्रज्ञ आणि एक स्थापत्य अभियंता आहेत, आणि नगररचनेचे काम माझ्याकडे आहे. कामाला कोणी कमी पडलेले नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. प्रत्येकाने आपापले काम इतके नीट केले आहे की ते दुसऱ्याच्या कामाला जोडायला जागाच उरलेली नाही.

एक उदाहरण देते. एकाच वाड्याची आमच्याकडे चार नावे झाली आहेत. वास्तुविशारदांच्या नोंदीत ती 'दोन चौकी, दुसऱ्या श्रेणीची वास्तू' आहे आणि इतिहासाच्या टिपणात ते 'पेशवाईतील एका कारकुनी घराण्याचे बिऱ्हाड' आहे. समाजशास्त्रज्ञांकडे 'अकरा कुटुंबे, पैकी नऊ भाडेकरू' अशी नोंद आहे, तर अभियंत्यांच्या अहवालात 'धोकादायक, दुरुस्तीयोग्य' हे दोनच शब्द आहेत. चारही बरोबर आहेत, परंतु या वाड्याचे पुढे काय करावे असा प्रश्न आला की चौघे चार उत्तरे देतात. भरीस भर म्हणजे आमच्या क्षेत्राचा काही भाग शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत येतो, तेथे नवे बांधकाम करताच येत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. अशा गटाने काम सुरू करताना (आमच्या बाबतीत, पुन्हा सुरू करताना) पहिली गोष्ट कोणती हाती घ्यावी? आणि 'संस्कृती' हे प्रकरण अहवालाच्या शेवटी सणवार आणि छायाचित्रे यांपुरते उरू नये, यासाठी ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांचा अनुभव काय सांगतो?

चुनखडी
आपण मांडलेल्या चार नावांत एक पाचवे नाव नाही, ते म्हणजे भाडेपावतीवरचे. मी वाड्यांच्या दुरुस्तीची कामे बरीच वर्षे केली आहेत. गटात भाडे नियंत्रण कायदा जाणणारा माणूस पहिल्या दिवसापासून नसेल, तर बाकीच्यांचे शहाणपण वाड्याच्या दिंडी दरवाज्याबाहेरच थांबते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली, पण ती वाढ मुळातल्या तुटपुंज्या रकमेवरची होती. दुरुस्तीची जबाबदारी मात्र कायद्याने मालकावरच ठेवली. महिन्याला मिळणाऱ्या भाड्यात सागवानाची एक कडीही येत नाही, तेव्हा मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही आणि वाडा दोघांच्या मध्ये कुजत राहतो.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर कदाचित विचित्र वाटेल. एक वाडा निवडा, त्यात ओल आलेली एक भिंत निवडा, आणि संपूर्ण गटाने एकाच दिवशी त्या ओलीचा माग काढा.

असे का म्हणतो ते सांगतो. वाड्याचा भार लाकडी सांगाडा पेलतो. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाटाई अशी ती रचना असते, आणि मधल्या भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या दर्जेत रचलेल्या विटांच्या असतात. अशी भिंत पाणी शोषते आणि सोडतेही. तुळईचे जे टोक भिंतीत शिरलेले असते, ते सर्वांत आधी कुजते. अभियंता तेथे पटाशी मारून पाहतो आणि 'टोक गेले' असे लिहितो. पण टोक का गेले? वरच्या मजल्यावर मोरी झाली म्हणून. मोरी का झाली? पूर्वी एका कुटुंबाच्या असलेल्या मजल्यावर चार बिऱ्हाडे आली आणि खालच्या चौकातल्या नळावर सगळ्यांचे भागेना म्हणून. ही बिऱ्हाडे कधी व का आली, हे समाजशास्त्रज्ञ आणि इतिहासाच्या अभ्यासक यांनी मिळून शोधायचे आहे. मग ओल दिसू लागल्यावर कोणीतरी स्वस्तात सिमेंटचा गिलावा मारला, त्यामुळे भिंतीचा श्वास कोंडला आणि पाणी बाहेर पडण्याऐवजी लाकडाकडे वळले. चुन्याचा गिलावा का केला नाही? कारण चुना मळणारा गवंडी मिळत नव्हता आणि खर्च कोणी करायचा यावर न्यायालयात दावा चालू होता. पाहा, एका हातभर ओलीत तुमचे सगळे विषय आले, आणि कोणालाही दुसऱ्याची वाट पाहावी लागली नाही.

शंभर मीटरच्या नियमाबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. २०१० च्या सुधारित कायद्यानुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असते. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम बंद आहे हे खरे, परंतु १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी परवानगी मागता येते. लोकांपर्यंत या नियमाचा पहिला अर्धाच भाग पोहोचला आहे. उरलेला अर्धा भाग सोप्या मराठीत लिहून त्या रहिवाशांच्या हाती दिलात, तर आपल्या अहवालाचा पहिला उपयोग तोच ठरेल.

माजघर
चुनखडी यांचे बरेचसे म्हणणे पटते, तरी मोरीवर त्यांनी जो ठपका ठेवला त्याबद्दल लिहिणे भाग आहे. मी अशाच एका वाड्यात जन्मापासून राहते. वरच्या मजल्यावरची मोरी माझ्या सासूबाईंनी करून घेतली, कारण दोन बाळंतपणांत त्यांना दगडी जिन्यावरून पाण्याच्या बादल्या वर न्याव्या लागल्या होत्या. ती मोरी तुळईची शत्रू ठरली असेल, पण तिच्यामुळेच आम्ही तो वाडा सोडून गेलो नाही, आणि राहती माणसे गेली की वाडा किती पावसाळे काढतो हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

आमच्याकडे आजवर निरनिराळे गट येऊन गेले. प्रत्येकाने ओसरीचे माप घेतले, देवडीतल्या कोरीव खांबाचा फोटो काढला आणि आमचे किती छान आहे ते आम्हाला सांगितले. संडास किती जणांत एक आहे, हे एकानेही आपणहून विचारले नाही. आपल्या समाजशास्त्रज्ञांनी ते विचारले असेल अशी आशा आहे. शिवाय त्या नोंदींची एक प्रत आम्हाला परत मिळावी. आमच्याच घराचा नकाशा आमच्याकडे नाही, आणि परवानगीचा अर्ज करायचा तर पहिला कागद तोच लागतो.

ठोका
क्षमस्व, 'जन्मापासून' आणि 'सासूबाई' हे एकत्र कसे, असा प्रश्न पडला होता. मग लक्षात आले की एकाच वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांत लग्ने होत असत. हासुद्धा संस्कृतीचाच विषय आहे, कोणीतरी टिपून ठेवावा.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. संस्कृतीचे प्रकरण शेवटी जाते, कारण गट तिला कार्यक्रम समजतो. कसब्यातील तांबट आळीत जाऊन पाहा. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती आहे. घंगाळ, बंब, हंडा यांवर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन जे मठारकाम होते, त्याने भांड्याला चकाकी येते आणि पत्रा कठीणही होतो. गॅस आणि गीझर आल्यावर बंबाची गरज संपली, स्टीलने हंडा घालवला, आणि आळीतली भट्टी व ठोक्यांचा आवाज ही शेजारच्या नव्या सदनिकांना तक्रार करण्याजोगी गोष्ट झाली. आता सांगा, मठारकाम टिकवणे हा संस्कृतीचा प्रश्न आहे की नगररचनेचा? तळमजल्यावर भट्टी आणि वर घर अशी रचना पुनर्विकासाच्या आराखड्यात बसत नसेल, तर कारागिरांचा सत्कार करून काहीच होणार नाही. आपण स्वतः नगररचनाकार आहात, म्हणजे संस्कृतीचे ते प्रकरण मुख्यत्वे आपल्याच टेबलावरचे आहे.

दुसरी गोष्ट, वारसा म्हणजे नेमके काय यावर गटाने आधीच भांडून घ्यावे. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्या जागेचा वाद न्यायालयात अनेक वर्षे चालला आणि अखेरीस डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी ती इमारत उतरवण्यात आली. केवळ लाकूड आणि वीट पाहणाऱ्याला ते पाडकाम वाटेल. 'तेथे शाळा भरली' हाच ज्यांच्यासाठी वारसा आहे, त्यांना ती जागा मोकळी होणे महत्त्वाचे वाटले. वारसा वास्तूंच्या श्रेणीच्या यादीत कोरीव खांबाला गुण मिळतात, घटनेला किती मिळतात? कात्रजच्या तलावांतून भुयारी नळाने पेठांत आलेले पाणी आणि त्या वाटेवरचे हौद यांचे कौतुक आपण सगळेच करतो. परंतु जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, याचा अर्थ बाकीचे हौद त्यांच्यासाठी बंद होते. दोन्ही गोष्टी नकाशावर एकाच रंगात दाखवता येणार नाहीत.

नकाशेवाली
सर्वांचे आभार. माजघर, नकाशाच्या प्रतीची सूचना मी आज सकाळीच गटापुढे ठेवली आणि ती कोणताही वाद न होता मान्य झाली. हे आठ महिन्यांत प्रथमच घडले. संडासाचा प्रश्न प्रश्नावलीत होता, पण उत्तर 'सामाईक' एवढेच लिहून पुढे गेलो होतो, हे मान्य करते.

ठोका यांनी तांबट आळीबद्दल लिहिले ते मला लागले आणि योग्यही वाटले. ओलीचा माग काढण्याची कल्पना अभियंत्यांना फारच आवडली. इतिहासाच्या अभ्यासकांची मात्र शंका आहे की त्यामुळे सगळा इतिहास मोडतोडीचाच होईल. एक व्यावहारिक अडचण उरते. ज्यांच्या निधीतून काम चालते, त्यांना अहवाल विषयवार प्रकरणांत हवा आहे.

चुनखडी
विषयवार प्रकरणे द्या, पण ती पाच-सहा पानांची ठेवा आणि मुख्य भाग घरवार करा. प्रत्येक वाड्याला एक पान, त्यावर सर्वांच्या नोंदी शेजारी शेजारी, आणि खाली एकच ओळ: येथे पहिले काम कोणते आणि ते कोण करील. ती ओळ सर्वांच्या सहीशिवाय छापायची नाही, एवढा एक नियम पाळा. सहीसाठी बसावे लागते आणि बसल्यावर बोलणे होतेच.

इतिहासाच्या अभ्यासकांची शंका रास्त आहे. मोडतोडीइतक्याच काळजीने केलेल्या दुरुस्तीच्याही नोंदी घ्याव्यात. काही वाड्यांत कुजलेले टोक कापून जुन्याच सागवानाचा जोड दिलेला आढळतो आणि तो जोड कोणत्या सुताराने दिला हे घरात कोणाला तरी माहीत असते. माजघर यांच्या सासूबाईंच्या मोरीबद्दल मी घाईने लिहिले, ते मागे घेतो.

आणखी एक. मोरी कधी झाली, पोटमाळा कधी पडला, असे विचारताना सन विचारू नका. लोकांना तो आठवत नाही आणि मग ते अंदाजाने काहीतरी सांगतात. नदीकडच्या पेठांत घरातल्या थोरल्या माणसांना 'पानशेतच्या आधी की नंतर?' असे विचारा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, तेही ते हाताने दाखवतील. ती पायरीही नकाशावर घ्या.