बंद ४०७ चाकणहून सावंतवाडीला न्यायची आहे, टोचन की लोबेड?

माजगावकर_०७:
मंडळी सल्ला हवाय. बाबांची जुनी टाटा ४०७ चाकणला घरामागे तीन वर्षं उभी आहे, पाणी संपलेलं कळलं नाही आणि इंजिन जाम झालं ते झालं. आता महिनाअखेर घर रिकामं करून सगळे गावी सावंतवाडीकडे शिफ्ट होतोय, बाबा म्हणतात गाडी सोडून मी येणार नाही. मेव्हण्याकडे आयशर आहे, तो म्हणतो मध्ये लोखंडी पाइप लावून टोचन करून, म्हणजे मागे बांधून ओढत नेऊ, डिझेल सोडलं तर फुकटात काम. लोबेडवाल्याने (गाडी वर चढवून नेणारा बुटका ट्रेलर) ३८ हजार सांगितले, ऐकूनच गार पडलो. अंतर चारशे किमी धरा, शेवटी आंबोली घाट. आणि तशीही गाडी जातेच आहे तर हौद्यात कपाटं, पलंग भरले तर चालतील का?

डिझेलभाऊ:
मेव्हण्याला सांगा, मेव्हणा राहूदे. टोचन हे जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला ठीक. स्पीडची मर्यादाच ताशी पंचविसाच्या आसपास आहे, म्हणजे चारशे किमीला न थांबता सोळा तास. शिवाय दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही, मागे ‘ऑन टो’ पाटी लागते, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसनवाला ड्रायव्हर बसलेला लागतो. तो ड्रायव्हर कोण, तुम्हीच ना?
दुसरं म्हणजे गिअरबॉक्स. लोक म्हणतात न्यूट्रल केलं की झालं. नाही होत. मागची चाकं फिरली की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) फिरतो, त्याच्यासोबत गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरतो, पण ऑइल उडवणारा खालचा शाफ्ट इंजिनकडून फिरतो आणि इंजिन तर बंद. म्हणजे वरची बेअरिंगं कोरडी पळणार. चार-पाच किमीच्या पुढे ओढायचीच झाली तर डिफ्रेंशियलच्या (मागच्या दोन चाकांमधला गोळा) बाजूचे बोल्ट काढून शाफ्ट उतरवायचा आणि गाडीत टाकायचा, लोंबकळत ठेवायचा नाही.

बार्शीवाला:
एवढं काय घाबरवताय राव. आम्ही ४० किमी टोचन करून आणलीय ४०७, काही झालं नाही. सपाट रस्ता होता पण.

घाटरस्ता:
सपाट होता म्हणून इथे लिहिताय भाऊ. मी खंबाटकीला वायर रोपवर मागच्या गाडीत बसलो होतो, आठ वर्षं झाली, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. इंजिन बंद म्हणजे ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम दोन-तीनदा पाय मारेपर्यंत टिकतो, मग पेडल दगडासारखं, दोन्ही पाय देऊन उभं राहिलो तरी गाडी जेमतेम दबते. आणि उतारावर रोप ताठ ठेवायचा तर ब्रेक मागच्यानेच मारायचा असतो, पुढच्याने मारला की आपण त्याच्या बंपरात. माझा रोप सैल पडला, पुढच्या चाकाखाली आला, आणि परत ताणला गेला तेव्हा असा काही झटका की हूकच उपटला. नशीब कठडा होता. पाइप लावला तर धडक होत नाही हे खरं, पण मग अडीच टनांच्या आसपासची ४०७ आंबोलीच्या वळणांवर आयशरला मागून ढकलत राहणार. धुकं आणि पाऊस असेल तर विषयच सोडा.
बाय द वे एअर ब्रेकच्या मोठ्या गाडीचं उलटं असतं, हवा गेली की मागची चाकं लॉक होतात, ब्रेक चेंबरचा बोल्ट फिरवून आतली स्प्रिंग मागे घेतल्याशिवाय गाडी हलत नाही. तुमच्या ४०७ ला ते नाही, तेवढंच सुख.

लोबेड_पप्पू:
धंदा हाच आहे म्हणून सांगतो. ३८ हा जाऊन-येऊनचा रेट आहे. गोव्याकडे किंवा कोल्हापूरकडे मशीन उतरवायला जाणारी नाहीतर रिकामी परतणारी गाडी शोधा, तारखेत चार दिवस मागेपुढे चालणार असतील तर बराच फरक पडतो. महिनाअखेर आजच ठरवायला घ्या.
बुकिंगआधी चारही कोपरे जॅकवर उचलून चाकं हाताने फिरवून बघा, तीन वर्षांत लायनर ड्रमला चिकटलेलेच असतात, मग विंचने ओढताना टायर फरपटतात. हवा भरून ठेवा. हौद्याच्या वरच्या कमानी उतरवा, लोबेडची उंची धरून टेप लावून मोजा, गावातल्या वायरी कोणाच्या ओळखीच्या नसतात. कपाटं भरू नका, सामान हललं की गाडी हलते आणि चेन सैल होते. चेन चॅसिसला, बंपरला नाही. पहिल्या टोलनंतर थांबून परत आवळायची, स्प्रिंगा बसतात तेव्हा हमखास ढिली पडते. आरसी, इन्शुरन्सची झेरॉक्स आणि बिल्टी (ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती) ड्रायव्हरकडे हवीच, निपाणीवरून गेलात तर मध्ये कर्नाटक लागतं.
आणि मेन प्रश्न, लोबेड तुमच्या दारात वळेल का?

माजगावकर_०७:
नाही वळणार. पाणंद आहे, शेवटचे दोन किमी. 😐

डिझेलभाऊ:
तिथे चालवा तुमचं टोचन. शाफ्ट उतरवून, ट्रॅक्टरने, माणूस चालेल त्या वेगाने.

माजगावकर_०७:
अपडेट, सतरा दिवसांनी. परतीची गाडी मिळाली, २२ हजारात. मागचं डावं चाक खरंच जाम होतं, मेकॅनिकने ड्रमवर हातोडी मारून सोडवलं. टेम्पोत सामान वेगळं पाठवलं. पेठनाक्याला चेन आवळली, दोन आटे गेली, पप्पूभाऊ थँक्स. उतरवताना रॅम्प आखूड पडत होता, तर गावातल्या पोरांनी लोबेड रस्त्याकडेच्या बांधाला मागून टेकवला, मध्ये चिरे रचले आणि गाडी सरळ बांधावर उतरवली, हायड्रा क्रेनचे पैसे वाचले. पुढे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर. स्टेअरिंगवर बाबा स्वतः बसले, मला हात लावू दिला नाही. मेव्हणा ट्रॅक्टरच्या पुढे चालत कोंबड्या हाकलत होता.
आता कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात ४०७ चं जुनं इंजिन खोलणारा चांगला मिस्त्री कोणी सांगेल का?