तळं आटलं तरी काठ रिकामा नसतो

बऱ्याच जणांना वाटतं की उन्हाळ्यात तळं आटलं की काठावर नुसता भेगाळलेला चिखल उरतो. तसं नाही हो. एकदा उकिडवं बसून बघा. पाणी मागे सरकतं तसतशी नवी जमीन उघडी पडते आणि चिखलात दडलेलं बी रुजतं. त्यामुळे पाण्यालगत बोटभर रोपं आणि वर चढत जावं तशी फुललेली, जून झालेली झाडं दिसतात.

सगळ्यात पुढे बहुधा जलपिंपळी. जमिनीला चिकटून पसरते, प्रत्येक पेराला मुळं फोडते. तिचं फूल म्हणजे टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडं मोठं बोंड आणि त्याभोवती पांढऱ्या-जांभळट फुलांचं कडं. फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात. पांढऱ्या फुलांचा माका ओळखायचा तर पान बोटांत चुरडा, रस बघता बघता काळा पडतो. लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवा, तीन कडा लागतील.

काठावर उंच दांड्यावर तपकिरी कणीस दिसतं ते पाणकणीस. तो जाड भाग मादीफुलांचा, वरची बोडकी काडी म्हणजे झडून गेलेली नरफुलं. पिकलेलं कणीस घरात आणून ठेवू नका! एकदा फुटलं की कापसासारख्या लाखभर म्हाताऱ्या खोलीभर उडतात. मी आठवडाभर झाडत होतो.

बेशरम नावाच्या झुडपाबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. ते मूळचं अमेरिका खंडांच्या उष्ण भागातलं, त्याची तोडलेली फांदी चिखलात पडली तरी जगते.