दोन अंकी गुणाकारात लेक दुसऱ्या ओळीची फुली विसरते, काय करू?

जुळे_सोलापूरची_आई:
लेक पाचवीत आहे. पाढे वीसपर्यंत घडाघडा म्हणते, पण दोन अंकी गुणिले दोन अंकी आलं की गाडी अडते. काल ४७ × ३६ दिलं तर उत्तर काढलं ४२३. बघितलं तर सहाने गुणून २८२ बरोबर, तीनने गुणून १४१ तेपण बरोबर, आणि मग खाली फुली न मारता सरळ बेरीज करून मोकळी. फुली का मारायची विचारलं तर म्हणे मॅडम म्हणल्या म्हणून. खरं सांगू का, मलापण का ते सांगता येईना, आम्हीपण नुसती मारतच आलो. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे आणि रोज संध्याकाळी घरात रडारड चाललीय.

झेडपी_मास्तर_रिटायर:
ताई, ते ४२३ खोडू नका, तेच कामाचं आहे. ४७ ला ९ ने गुणून बघा, बरोब्बर ४२३ येतात. म्हणजे पोरीनं ३६ ने गुणलंच नाही, ६ आणि ३ मिळून ९ ने गुणलंय. गुणायला ती कुठंच चुकली नाही, फक्त ३६ मधला ३ म्हणजे ३० हे डोक्यात नाही. तिला विचारा, ४७ रुपयाचा एक टॉवेल, तर ४२३ रुपयात ३६ टॉवेल देतो का दुकानदार?

चार दिवस फुलीचं नावच काढू नका. आधी चौकडीच्या वहीत १४ घरं आडवी आणि १२ घरं उभी असा आयत काढू द्या, दोन्हीकडं दहाव्या घरावर रेघ मारायची. चार तुकडे पडतात, १००, ४०, २० आणि ८. तिला एकेक घर मोजू द्या, कंटाळली तरी चालेल, स्वतः मोजल्याशिवाय पोरांचा विश्वास बसत नाही. मग ४७ × ३६ ला नुसते चार खण काढा, वर ४० आणि ७, बाजूला ३० आणि ६. तीसच्या ओळीत १२०० आणि २१०, सहाच्या ओळीत २४० आणि ४२. ओळींच्या बेरजा १४१० आणि २८२, एकूण १६९२. आता शेजारी नेहमीची मांडणी करा आणि १४१० मधल्या शून्यावर बोट ठेवून सांगा, ही बघ तुझी फुली.

पूर्वभागवाला:
मास्तर एकदम करेक्ट. अजून एक सांगतो, आपल्या मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो आणि चाळीस मागून, लिहिताना उलटं. आमच्या घरी तेलुगू, आम्ही नलभै एडू म्हणतो, म्हणजे चाळीस सात, त्यामुळं खण पाडायला आमच्या पोराला वेळच लागला नाही बे. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं दिलं तर केवढा दंगा झाला, किती जोक फिरले व्हॉट्सॲपवर, पण ह्या कामाला ते भारी आहे. ताई, गणित सोडवताना तेवढं चाळीस सात म्हणायला लावा, एरवी सत्तेचाळीसच म्हणू दे की.

कडक_भाकरी:
एवढे खण पाडत बसलं तर पेपर कधी सुटायचा ओ? आम्ही फुली मारूनच पास झालो, काही अडलं नाही. दहा गणितं रोज घ्या, आपोआप येतं.

झेडपी_मास्तर_रिटायर:
पेपरात फुलीच मारायची, खण जन्मभर पाडायचे नाहीत. पण विसरली तर कळलं पाहिजे ना कुठं घसरलो. उत्तर आलं की अंदाज घ्यायची सवय लावा, ४० × ३० म्हणजेच १२००, त्याच्या वर जायलाच पाहिजे, ४२३ कसं येईल?

जुळे_सोलापूरची_आई:
तीन दिवस करून बघितलं. १४ × १२ ची सगळी १६८ घरं मोजली बाईनं, मधेच विसरली म्हणून परत पहिल्यापासून. खण जमले, पण नवीनच चूक, ४० × ३० ला १२० लिहायली. मग हे म्हणाले, मार्केट यार्डात कांदा ४० रुपये किलो, तीस किलो घेतला, किती द्यायचे? १२० म्हणाली आणि स्वतःच हसली, पप्पा तेवढ्यात तर तीनच किलो येतोय. मग दहाच्या नोटा समजून चार दशक गुणिले तीन दशक म्हणजे बारा शतक असं बोलत लिहिलं, तर आलं. आज ३८ × २४ एकटीनं सोडवलं, ९१२, फुली मारून. फुलीच्या जागी शून्य लिहिलं तर मॅडम मार्क कापतील का विचारायलीय, ते कुणी सांगा.

झेडपी_मास्तर_रिटायर:
कापायचं काही कारण नाही. शून्यच लिहू द्या.