खासगी टेनिस प्रशिक्षकांची पद्धत योग्य आहे का?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव):
माझी नऊ वर्षांची मुलगी महिन्याभरापासून एका खासगी प्रशिक्षकांकडे टेनिस शिकते आहे. ते विद्यापीठ स्तरावर खेळलेले आहेत, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत मुलांना समजावतात. मात्र पहिले पंधरा दिवस त्यांनी तिला केवळ चेंडू फेकायला व झेलायला लावले आणि अजूनही मऊ नारिंगी चेंडूनेच खेळवतात. यात वेळ वाया जात नाही ना?

उत्तर (शहापूर):
मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा चेंडू बंद केला आहे. नारिंगी चेंडू सुमारे ५० टक्के संथ असतो आणि कोर्टही २३.७७ मीटरऐवजी १८ मीटरचे घेतात, त्यामुळे चेंडू मुलांच्या डोक्यावरून न जाता कमरेच्या उंचीवर येतो. फेकण्याचा सराव पुढे सर्व्हिसला उपयोगी पडतो.

उत्तर (खानापूर):
पद्धतीबाबत सहमत आहे, परंतु चांगला खेळाडू चांगला शिक्षक असतोच असे नाही. माझ्या मुलाचे पहिले प्रशिक्षक सुरेख खेळत, पण आठ मुलांना रांगेत उभे करीत. मी एकदा कठड्यावर बसून मोजले, तर तासाभरात त्याच्या वाट्याला ४० चेंडू आले होते. अखिल भारतीय टेनिस संघटनेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम त्यांनी केला आहे का, हेही विचारावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. शनिवारी जाऊन मोजतो. जूनमध्ये पाऊस लागला की सराव कुठे घेणार, हेही विचारून घेतो.