शिफारसपत्रातील ‘कष्टाळू’ आणि ‘कुशल’

प्रश्न (नाशिक): आपल्याकडे एमएस या शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रवेश नीट-पीजी या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर ठरतो, अमेरिकेतील सर्जरी रेसिडेन्सीसाठी (रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी) मात्र शिफारसपत्रे लागतात. सरांच्या मसुद्यात मी ‘मनमिळाऊ, कष्टाळू’ आहे, तर माझा पुरुष सहकारी ‘कुशल शल्यचिकित्सक’. हा योगायोग समजावा का?

उत्तर १: मला तसे वाटत नाही. ट्रिक्स आणि प्सेंका या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकपदासाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रे तपासली असता, स्त्रियांची पत्रे सरासरीने आखूड आणि शंका उत्पन्न करणाऱ्या वाक्यांनी अधिक भरलेली आढळली.

उत्तर २: सरांना लॉगबुक (शस्त्रक्रियांची नोंदवही) दाखवून, स्वतंत्रपणे केलेल्या शस्त्रक्रियांचा उल्लेख करण्याची विनंती करावी. ‘कष्टाळू’ राहू द्या, कष्ट तर केलेच आहेत. ‘मनमिळाऊ’ मात्र काढायला सांगा.